परसातली एकेरी लाइन

खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सकाळी तुम्हाला परसात किती वेळ लागतो?"

"म्हणजे?"

"संडासाला हो. लाजू नका. मला गाड्या बसवायच्या असतात."

मी अंदाजानं काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली, मला मागच्या दाराशी नेलं आणि चौकटीजवळच्या खिळ्यावर टांगलेलं वेताचं एक मोठं कडं दाखवलं. कड्याला चामड्याची पिशवी शिवलेली होती आणि पिशवीत पितळेचा एक गोळा होता.

"हे टोकन. मागे जायचं तर हे खांद्यावर. परत आलात की खिळ्यावर. खिळा रिकामा असेल तर दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मग घराला आग लागलेली असो."

"आणि टोकन घेतल्यावर बाहेर काही दिसलं तर?"

"तर ते आधी आलंय. त्याची गाडी जाईपर्यंत तुम्ही इथे, दारात."

खोल्या हवेशीर होत्या. मी राहायला आलो.

हे पन्नासच्या दशकातलं मुलुंड. स्टेशनाच्या पश्चिमेला आखलेले सरळ रस्ते होते, पण डोंगराकडे जाता जाता ते अरुंद होत आणि शेवटी बैलगाडीच्या चाकोऱ्या उरत. मालकांची कौलारू बंगली अशाच एका रस्त्याच्या टोकाला होती. तिच्यामागे लांबट परसू. मधोमध विहीर आणि धुण्याचा दगड, त्यापलीकडे केळीचं बन, पार टोकाला संडास. एका बाजूला निवडुंगाचं कुंपण आणि कुंपणाला लागून डोंगरातून येणारा ओढा. विहिरीच्या जवळ या कुंपणाला एक खिंडार होतं. ते पडलेलं नव्हतं, मालकांनी ठेवलेलं होतं.

मालकांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, घाटापलीकडच्या एकेरी लाइनीवरच्या एका लहान स्टेशनात. एकेरी लाइनीवर दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्याला सेक्शन म्हणतात, आणि तिथला कायदा असा की सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. ज्या ड्रायव्हरच्या हातात टोकन, त्याची गाडी सुटणार. टोकन नसेल तर इंजिनानं फलाट सोडायचा नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही बंगली बांधली, आणि राहायला आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की परसातून रहदारी आहे.

सकाळी मुंगसाचं कुटुंब कुंपणाकडून केळीकडे जाई, ती लोकल. ऊन चढलं की विहिरीच्या कठड्याखालून घोरपड निघून धुण्याच्या दगडावर येई. पुढे सरके, थांबे, पुन्हा मागे येई, म्हणून ती शंटिंगचं इंजिन. आंब्याच्या बुंध्यातली धामण ही मालगाडी. "लांब आहे, सावकाश जाते, कुणाला उपद्रव नाही. आपण फक्त फाटक बंद ठेवायचं." माकडं म्हणजे वऱ्हाडाची स्पेशल, वेळेचा भरवसा नाही. साळिंदर त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, पण त्यानं उकरलेले सुरणाचे खड्डे ते प्रत्येक भाडेकरूला कौतुकानं दाखवीत.

आणि मेल होती. उन्हाळ्यात डोंगरातलं पाणी आटलं की ओढ्याच्या कडेनं बिबळ्या खाली उतरे, खिंडारातून आत येई आणि विहिरीजवळच्या दगडी डोणीतलं पाणी पिऊन निघून जाई. डोण रोज मालकच भरून ठेवत.

शेजारच्या वकिलांचा कुत्रा एका उन्हाळ्यात नाहीसा झाला. खिंडार बुजवा, असं सांगायला ते आले. मालकांनी त्यांना चहा दिला आणि स्वतः उभं राहूनच बोलले.

"वकीलसाहेब, वहिवाट म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायचं? ते आधीचे. आपण मागाहून आलो आणि वाटेत घर बांधलं."

"अहो, जनावराला कसली वहिवाट?"

"मग कुत्र्याला तरी कसली होती?"

वकील अर्धा चहा टाकून गेले. पुढे कितीतरी दिवस ते मालकांना रस्त्यात ओळख देत नसत. मालकांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मालकांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. उंच, काटकुळा देह, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला काळी टोपी. जेवतानाही ताट हातात घेऊन मागच्या दारात उभे. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. काकू रोज एकदा म्हणत, "अहो, खाली बसा, दोन घास घशाखाली उतरतील तरी."

"बसलं की ऐकू येत नाही."

बोलताना ते मध्येच थांबत, मान वळवत आणि निघून जात. परत आले की वाक्य तुटलं होतं तिथूनच सुरू. एकदा ते "तर त्या साहेबानं मला" इथवर आले, परसात पानं वाजली, ते दाराशी गेले, मी पेपर वाचून संपवला, आणि आल्यावर ते म्हणाले, "विचारलंच नाही."

ही चुळबुळ घरभर होती. त्या घरात कुणी सलग काही करत नसे. काकू पोळी तव्यावर टाकून दाराशी जाऊन खिळा बघून येत. मी फोर्टातल्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. कचेरीत टेबलावरून उठताना माझा हात भिंतीकडे जाई आणि सहकारी हसत. सुट्टीच्या दिवशीही मी खिडकीशी बसे, कारण माझ्या खोलीच्या बाजूच्या खिडकीतून मागचं दार आणि परसू दोन्ही दिसत, आणि एकदा दिसायला लागलं की न बघणं जमत नाही.

दुसरे भाडेकरू सावंत. मालवणकडचे, भांडुपच्या कारखान्यात फिटर. बायको-मुलं गावी. त्यांना हा सगळा प्रकार पहिल्या दिवसापासून पोरखेळ वाटे, आणि ते तसं तोंडावर सांगत. घोरपड दगडावर पडलेली दिसली की ते मालकांना ऐकू जाईल असं म्हणत, "काय गुबगुबीत आसा! गावाक असती तर आतापर्यंत चुलीर चढली असती."

"सावंत, ती माझ्या हद्दीत आहे."

"म्हणान तर जिती आसा."

एका सकाळी वऱ्हाडाची स्पेशल आली. काकू दार लोटायच्या आत एका माकडानं खिळ्यावरचं कडं उचललं आणि आंब्याच्या शेंड्याला जाऊन बसलं. कडं त्यानं गळ्यात घातलं होतं. सावंत कामावर निघायच्या गडबडीत मागच्या दाराशी आले, तर मालक चौकटीला दोन्ही हात लावून उभे.

"सेक्शन मोकळी नाही."

"माझी शिप्ट चुकतली, मालकानू! बाजूक व्हा."

"टोकन वर आहे."

सावंतांनी वर पाहिलं. "म्हणजे माकड डायवर झाला तुमचा. आणि मी काय पोट धरून ऱ्हवू? दुसरा कडा करा मां एक!"

मालकांचा चेहरा उतरला. "एका सेक्शनला दोन टोकनं? माणसं मारायची आहेत का तुम्हाला?"

"हंयसर गाडी खंय आसा? केळी आसत, केळी!"

काकू पदराआड हसत होत्या. मालक हसले नाहीत आणि हललेही नाहीत. शेवटी सावंत पुढच्या दारानं धावत वकिलांच्या घरी गेले आणि तिथं आपली अडचण मोठ्या आवाजात सांगितली. माकडानं कंटाळून कडं खाली टाकलं तोवर ऊन बरंच चढलं होतं. मालकांनी ते पुसलं, खिळ्यावर अडकवलं आणि म्हणाले, "पोचली."

आम्ही सगळ्यांनी ही गोष्ट पुष्कळ दिवस हसत सांगितली. ती सांगताना, ते दार अडवून उभे होते, यापेक्षा माकडाच्या गळ्यातल्या कड्यावरच आम्ही जास्त वेळ घालवीत असू.

त्यांना एकच मुलगी, सुमन. गिरगावात दिलेली. तिच्या जन्माची हकिकत काकूंनी मला निवडण-टिपण करता करता सांगितली. "क्वार्टर फलाटापासून हाकेच्या अंतरावर. मी ओरडतेय, सुईण यांना हाका मारतेय. हे आले नाहीत. सेक्शनमध्ये मालगाडी होती म्हणे."

दाराशी उभे असलेले मालक मागे न वळता म्हणाले, "होतीच."

"मी कुठं नव्हती म्हणतेय?"

"मी निघालो असतो तर टोकन कुणी घेतलं असतं?"

"तेच तर सांगतेय त्यांना. मालगाडी आली, टोकन घेतलं, मग सुमन बघायला आले. तोवर ती न्हाऊन झोपली होती."

काकूंच्या आवाजात तक्रार नव्हती. मालक मात्र त्या दिवशी दारातून लवकर हलले नाहीत.

सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण तिच्या सासूबाईंच्या मनात ते नव्हतं. सातवा महिना संपताना त्या स्वतः तिला पोचवायला आल्या, परसाच्या दारात उभं राहून त्यांनी विहीर पाहिली, खिंडार पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "इथं?"

मालक म्हणाले, "विहीणबाई, माझ्या सेक्शनमध्ये आजवर अपघात झालेला नाही."

"आमच्याकडे नळ घरात आहे," विहीणबाई म्हणाल्या. पण ठेवून गेल्या.

त्यानंतरचे आठवडे मालकांचे पाय जमिनीवर ठरले नाहीत. बाळंतिणीची खोली त्यांनी स्वतः चुन्यानं रंगवली. पाळण्याच्या कडीला लोंबकळून ती तपासली. डॉक्टर किती अंतरावर आहे, टांगा कुठं मिळतो, सुईण कुठल्या गल्लीत राहते, हे रोज एकदा चालत जाऊन बघून येत. मला त्यांनी एकदाच, तेही पाठमोरे असताना सांगितलं, "सुमनच्या वेळी मी नव्हतो. या वेळी दारातच असणार आहे. तिनं हाक मारायच्या आधी."

सुमन वडिलांना पुरून उरणारी होती. गिरगावच्या चाळीत राहून तिची जीभ चांगलीच चुरचुरीत झाली होती. "बाबा, मला आता टोकन सारखं लागतं. माझ्याच गळ्यात बांधून ठेवा, आणि बाकीच्यांना पाठवा वकिलांकडे."

"नियम म्हणजे नियम."

"बरं, मग हे सांगा. पोटातलं एक आणि मी एक. एका टोकनवर दोन गाड्या कशा?"

मालकांनी खरोखर विचार केला. "दोन इंजिनं जोडली तरी गाडी एकच. चालतं."

सुमन एवढी हसली की काकूंनी तिला खाली बसवलं.

प्रसंग घडला तो वैशाखात. माझी सुट्टी होती आणि मी खिडकीशी होतो. दिवेलागण व्हायची होती, सगळं स्वच्छ दिसत होतं. सुमन खांद्यावर कडं घेऊन परसाच्या टोकाला गेली होती आणि परत येत होती, एक हात कमरेवर, सावकाश. ती केळीच्या बनापाशी पोचली तेव्हा खिंडारातून बिबळ्या आत आला. रोजच्यासारखा डोणीशी गेला नाही. धुण्याच्या दगडावर चढला आणि उभा राहिला. सुमन त्याच्या एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला.

सुमन थांबली. तिनं आवाज केला नाही.

मालक दारात होते. त्यांनी बिबळ्या पाहिला, सुमनला पाहिलं. त्यांचा उजवा पाय चौकटीबाहेर पायरीवर आला. त्याच वेळी त्यांचा हात बाजूला खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. हात तिथेच राहिला, आणि पायरीवरचा पाय वर, आत गेला. मग ते दोन्ही पाय जुळवून उभे राहिले, कारखान्यात यंत्र बंद पडावं तसे.

बिबळ्यानं मान फिरवून सुमनकडे पाहिलं, मग दाराकडे. शेपटीचं टोक हलत होतं. मी ओरडलो नाही, कारण ओरडल्यानं काय होईल ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात काकू आतून आल्या. त्या कणीक मळत होत्या. हात कोपरापर्यंत पिठाचे. त्यांनी दारातून पाहिलं, आत वळल्या, परातीतली कणीक ओट्यावर उपडी केली, परात आणि लाटणं घेतलं आणि नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारून पायरी उतरल्या. परात बडवत, सरळ दगडाच्या दिशेनं, त्या चालत गेल्या. ओरडत नव्हत्या. "हो बाजूला, हो," असं गाईला म्हणावं तसं म्हणत होत्या.

बिबळ्या दगडावरून उतरला. क्षणभर तो सुमनच्या बाजूला वळल्यासारखा वाटला. मग खिंडारातून गेला, घाई न करता.

काकूंनी सुमनला हाताला धरून आणलं. घरात येताना सुमननं खांद्यावरचं कडं काढून खिळ्यावर अडकवलं. मालक बाजूला झाले. काकूंनी परात धुतली, कणीक पुन्हा तीत घेतली आणि मळायला लागल्या. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो तेव्हा मालकांनी पहिलं वाक्य उच्चारलं.

"दोन बाजूंनी माणूस आला असता तर बिबळ्या कोंडला असता. कोंडलेलं जनावर उडी घेतं."

"बरं," काकू म्हणाल्या.

"तू गेलीस तेव्हा तो सुमनच्या अंगावर जाऊ शकला असता."

"हो."

"वळला होता तो तिच्याकडे. तुला दिसलं नाही का?"

"दिसलं."

"मग?"

"मग काय? मी विचार केला नाही." त्यांनी कणकेचा गोळा जोरानं दाबला. "तुम्ही केलात."

सावंत रात्री आले, त्यांना कळलं, आणि ते पहिल्यांदाच मालकांना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन ते वकिलांच्या गड्याबरोबर कुंपणाशी गेले आणि काटेरी फांद्या रचून खिंडार बुजवलं. मालक बघत होते. त्यांनी अडवलं नाही.

त्यांनी दुसरंच काम काढलं होतं. रेल्वेत अपघात झाला की चौकशी बसते, प्रत्येकाची जबानी होते, कोण कुठं उभा होता ते मोजून पाहतात. मालकांनी अपघात न झालेल्या त्या संध्याकाळची चौकशी सुरू केली. मला दारात उभं करून ते स्वतः केळीपाशी गेले आणि तिथून काय दिसतं ते पाहिलं. मग मला केळीपाशी उभं केलं. मग माझ्या खोलीत येऊन खिडकीतून पाहिलं.

"तुम्ही इथं होतात. माझा पाय कुठं होता?"

"पायरीवर."

"मग?"

"मग वर घेतलात."

"कशानं घेतला?"

"ते खिडकीतून दिसण्यासारखं नव्हतं."

त्यांनी मान हलवली, उत्तर पसंत पडल्यासारखी. "खिळा रिकामा होता म्हणून घेतला, असं मी धरून चाललो होतो. नियम अंगात मुरलेला असतो. हात आपोआप जातो." ते थांबले; या वेळी बाहेर कसलाही आवाज झालेला नव्हता. "पण टोकन खिळ्यावर असतं तर मी गेलो असतो का, ते कळत नाही."

ते खोलीत दोन-तीन फेऱ्या मारून गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी गिरगावला निरोप पाठवला. विहीणबाई भांडणाच्या तयारीनं आल्या. त्यांनी पदर खोचला, बसायला नकार दिला आणि बोलायला तोंड उघडलं, तोच मालक म्हणाले, "हिला घेऊन जा."

विहीणबाईंनी खोचलेला पदर सोडला. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. पाळण्याची कडी, रंगवलेली खोली, सुईणीच्या गल्लीतल्या खेपा, सगळं त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "अहो, खिंडार बुजवलंय आता."

"खिंडाराचं नाही म्हणत मी."

सुमन आतून आली. "बाबा, मी तक्रार केली का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग मला का घालवताय?"

"तक्रार केली असतीस तर बरं झालं असतं."

"हे बघा, मला इथंच राहायचंय. आईला विचारा."

"तुझं काही कमीजास्त झालं, धावायची वेळ आली, तर…" त्यांनी वाक्य तोडलं आणि नेहमीसारखं पुढे जोडलं नाही. "तिकडे नळ घरात आहे," ते म्हणाले.

सुमन रडली, चिडली, शेवटी तिनं लुगडी बांधायला घेतली. टांगा आला तेव्हा घराच्या पुढच्या बाजूला आम्ही सगळे उभे होतो. विहीणबाई आधी चढल्या. सुमनला काकूंनी चढवलं. मालक टांग्याच्या कडेला हात ठेवून उभे राहिले. टांगेवाला लगाम सावरत होता.

"तू केळीपाशी होतीस," मालक म्हणाले. "तिथून दार समोर दिसतं. मी बघून आलोय."

"हो."

"तू दाराकडे बघत होतीस."

"हो, बाबा."

"मग तुला दिसलं असेल."

"काय?"

"मी पाय वर घेतला ते."

घोड्यानं मान झटकली, टांगेवाला त्याला काहीतरी बोलला. मग सुमन म्हणाली, "मला एवढंच दिसलं की बाबा हलत नाहीयेत. म्हटलं, बाबा हलत नाहीत म्हणजे आपणही हलायचं नाही. नाहीतर मी पळाले असते. पोट घेऊन कुठवर पळाले असते?"

मालक तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ते साक्षीदाराकडे बघावं तसं बघणं होतं.

"खरं?"

"आता शपथ घालू का?"

विहीणबाई म्हणाल्या, "चला, गाडी चुकेल." टांगा निघाला. काकू आत गेल्या. मालक रस्त्यावर थोडं चालले, मग परत फिरले, पुन्हा थोडं चालले.

सुमनला गिरगावातल्या प्रसूतिगृहात मुलगी झाली. अडचण काही आली नाही. बारशाला मालक गेले. तिथं त्यांनी नातीला घेतलं तेही उभ्या उभ्या, असं काकू सांगत. सुमन नंतर बाळाला घेऊन मुलुंडला अनेकदा आली, वडिलांची थट्टा करत राहिली, आणि वरवर पाहणाऱ्याला त्या घरात काही बदललेलं दिसलं नसतं. जनावरांनी कुंपणाला दुसरीकडे वाट काढली होती.

मी पुढे काही वर्षं तिथं राहिलो. माझी खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येई. दुपारी काकू मालकांना वाढत. ताटाचा, भांड्याचा आवाज चाले, मध्येच थांबे.

"खरं सांगितलं असेल का गं तिनं?"

कशाबद्दल, हे काकू विचारत नसत. सुरुवातीला त्या हो म्हणत. मग "असेल" म्हणायला लागल्या. मी खोली सोडायच्या थोडं आधी, एका दुपारी, सुमन दुसऱ्या दिवशी यायची होती तेव्हा, काकू म्हणाल्या, "किती वर्षं मला विचारताय! उद्या येतेय ती. तिलाच विचारा एकदा."

"नको," मालक म्हणाले. मग ताट खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर त्यांच्या चपलांचा, मागच्या दारापासून ओसरीपर्यंत आणि परत.